चौथा कोपरा

त्या फर्निचरच्या दुकानात विनियरच्या, म्हणजे प्लायवर चिकटवायच्या पातळ लाकडी पापुद्र्याच्या, कडा घासायच्या त्या सासरेबुवांनीच. बाकी सगळं सुनेनं करावं: प्लाय कापावा, विनियर चिकटवावं, पॉलिश मारावं. कडांना मात्र हात लावायची सोय नव्हती. अकरा वर्षं तिनं हे निमूटपणे सोसलं. 'निमूटपणे' हा तिचा शब्द. तिच्या नवऱ्याला विचाराल तर तो हसेल.

त्या सकाळी तिनं विषय काढलाच. "बाबा, मनगट दुखतंय तुमचं. कडा आता माझ्याकडे द्या."

समोर जुन्या गिऱ्हाईक डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं टेबल होतं; संध्याकाळी त्या ते बघायला येणार होत्या.

"तीन कोपरे तुझे, एक माझा," सासरेबुवा म्हणाले. "मग मी डोळे मिटून नख फिरवीन. ज्याच्या कोपऱ्यात नख अडकेल, त्यानं या दुकानात पुन्हा कडेला हात लावायचा नाही."

तिला हेच हवं होतं. सरस पुरता वाळू दिला आणि कानस प्रत्येक वेळी बाहेरून आत ढकलली. बाहेर ओढली की विनियरचे तंतू उचकटतात, हे सासरेबुवांनीच तिला शंभरदा ऐकवलं होतं.

दुपारी पाहते तर काय, मनगट सांभाळण्याच्या नादात सासरेबुवा स्वतःच कानस बाहेर ओढत होते! सांगायला गेलं तर दुकान डोक्यावर घेतील, म्हणून ती गप्प बसली.

चार वाजता त्यांनी डोळे मिटले. तिनं टेबल दोनदा गरकन फिरवलं. तीन कोपऱ्यांवरून नख सुळकन गेलं, चौथ्यात अडकलं.

"सापडलीस!" त्यांनी डोळे उघडले. कडेखाली, त्यांनीच आपल्या कोपऱ्याला केलेली पेन्सिलची खूण होती. त्यांचा चेहरा पडला.

"अटीचं राहू द्या बाबा. सरका, मी नीट करते."

तिनं गरम इस्त्रीनं उचकटलेलं विनियर बसवलं, तुटल्या जागी त्याच रेषांचा बारीक तुकडा घातला, वाळल्यावर घासला. सासरेबुवा शेजारी उभं राहून बघत होते.

डॉक्टरीणबाई आल्या, कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "कडा तुमच्याच हातच्या ना? मी त्यासाठीच इथे येते."

सून खाली मान घालून चिंधीची घडी करत राहिली. आता ते हो म्हणाले असते, तरी तिनं ब्र काढला नसता.

"नाही," सासरेबुवा म्हणाले. "सूनबाईच्या. चारही कोपरे तिचे. आणि यापुढे सगळ्याच."

अकरा वर्षं हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते, आणि ऐकलं तेव्हा तिला रडू आलं ते त्यांच्यासाठी.