पट्टीची सुटलेली कड

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हे, शिलाईचे. पायाची जखम चिघळली म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं आणि औषध शिरेतून सुरू झालं. पण डाव्या हाताला सुई लावावी आणि ती जागा लाल होऊन ठणकावी, असं दोनदा झालं. सिस्टरनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, कुणाचा तरी घाणेरडा हात तिथं लागतोय. म्हाताऱ्या शिरा आता सापडत नाहीत, ही तिसरी जागाही बिघडली तर मानेतून नळी घालावी लागेल.

मास्तरांनी ते ऐकलं आणि कॉलर वर ओढून घेतली. जन्मभर लोकांच्या मानेभोवती टेप गुंडाळला, पण स्वतःच्या मानेला कुणी बोट लावलेलं त्यांना खपत नाही.

मग मी कंबर कसली. दारात खुर्ची टाकली, मांडीवर हात धुवायच्या औषधाची बाटली घेतली. थोरला लेक मोठा साहेब आहे, त्यालाही अंगठी काढायला लावली. जावई म्हणाले, आत्ताच धुतलेत. म्हटलं, पुन्हा धुवा, झिजायचे नाहीत. डॉक्टरांपुढेही बाटली धरली. ते बिचारे मुकाट्यानं हात चोळत आत गेले.

खरा संशय माझा धाकट्या जावेवर होता. तिच्या घरच्या कपाचा कान धरला तर बोट सुटत नाही. तिला मी पलंगाच्या आसपास फिरकू दिलं नाही, पार कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. ती कसली गप्प बसतेय? शेजारच्या पेशंटला सांगत होती, जाऊबाई हात धुऊन माझ्या मागे लागल्यात. अख्खी खोली हसली. मी नाही हसले.

पण मी बसले होते दाराकडे तोंड करून, आणि ती बसली होती मास्तरांकडे तोंड करून.

"जाऊबाई," ती म्हणाली, "चोर घरात झोपलाय आणि तुम्ही दार राखताय. जरा मागं बघा."

मी वळले. सुईवरच्या पट्टीची एक कड सुटली होती. मास्तरांनी उजव्या हाताचं बोट जिभेला लावलं, छान ओलं केलं आणि ती कड दाबून बसवली. सुईत ओवायच्या आधी दोऱ्याचं टोक बसवतात ना, अगदी तसं. मग बसली का बघायला नखानं पुन्हा उचलली.

"अहो, हे काय चाललंय?"

"कड सुटलीय," ते म्हणाले. "असलं काम माझ्या दुकानातून बाहेर गेलं नसतं."

झापायला म्हणून मी तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. जाऊ तर स्टुलासकट हलत होती. सिस्टर धावत आली. तिनं मास्तरांना लहान पोरासारखं दटावलं, पट्टी काढली आणि वाकून जागा बघितली. तेव्हा मात्र हसू आवरून आम्हीही वाकलो. जागा स्वच्छ होती. तिनं पुसून नवी पट्टी लावली आणि विचारलं, "आता ह्या उजव्या हाताचं काय करायचं? बांधून ठेवू?"

"बांधायचा कशाला?" मी म्हटलं. "मी धरते."

लग्न झाल्यापासून चारचौघांत आम्ही एकमेकांचा हात धरलेला नाही. आधी त्यांचा धुतला, मग माझा, आणि धरून बसले. मास्तर लाजून छताकडे बघत राहिले. दारातली खुर्ची आणि बाटली जावेनं आपणहून बळकावली. मी चहा पिऊन परत आले तर मलाच अडवलं. म्हणाली, कोपरापर्यंत. मी निमूट धुतले. काय करणार, चोर तिनं पकडला होता.

औषध पुरं झालं, सुई निघाली, मान शाबूत राहिली. सिस्टर म्हणाली, आजी, आता हात सोडला तरी चालेल.

मला हल्ली थोडं कमी ऐकू येतं.