सातवा ठोकळा

तपकिरी, चार बोटं रुंद, कडा कानशीनं घासून मऊ केलेला – तो ठोकळा तिथं असायलाच नको होता, आणि तरी तो होता, विजेच्या पॅनेलमधल्या तांब्याच्या पट्ट्या जिथं काटकोनात वळतात त्या वळणाच्या अगदी कुशीत, इतका नीट बसवलेला की बी ल्यानला आधी वाटलं, आपणच मोजायला चुकलो. तिनं पुन्हा मोजले. सहा असायला हवेत. सात.

"सात," पुआन नोर्हसिमा म्हणाल्या. प्रयोगशाळेच्या मलय तपासनीस बाई, डोक्याला राखाडी रुमाल, हातात ड्रॉइंग, आवाजात कसलाही आरोप नाही. "ड्रॉइंगमध्ये सहाच आहेत, मिस खू."

सहाच आहेत. मीच काढलं आहे ते ड्रॉइंग, रेघ न् रेघ, आणि माझ्या खुर्चीमागे उभं राहून, कॉफीची प्लास्टिकची पिशवी बोटाला अडकवून, नळीनं घुटके घेत पा, माझे वडील, म्हणत होते – कागदावर आहे तेच पत्र्यात, केसाचा फरक नको, मागच्या वेळी काय झालं आठवतंय ना... आठवत होतं. मागच्या वेळी याच हॉलमध्ये, याच काचेमागे, पन्नास हजार अँपिअर एक सेकंद सोडायचे होते आणि अर्धा सेकंद होतो न होतो तोच वळणावरचा, पट्ट्यांना धरून ठेवणारा ठोकळा फुटला, पट्ट्या एकमेकींपासून अशा फाकल्या की जणू आतून कुणी लाथ मारली होती. नंतर पॅनेलचं दार उघडलं तेव्हाचा तो जळका वास. खाली पडलेला फुटका तुकडा पांनी उचलला, खिशात टाकला आणि घरी, बुकित मर्ताजामपर्यंत सहा तास लॉरीत पुढे बघत बसले.

त्यानंतर नवे ठोकळे, जाड, काचेच्या धाग्यांचे. दोन ठोकळ्यांमधलं अंतर कमी. नवं गणित, नवं ड्रॉइंग. त्या ड्रॉइंगवर त्यांची सही – तीन चिनी अक्षरं, शेवटच्या अक्षराचा पाय नेहमीसारखा चौकटीबाहेर गेलेला. आज पॅनेल टिकलं तर आंतरराष्ट्रीय मानकाचं सर्टिफिकेट मिळणार होतं, आमच्या वर्कशॉपच्या स्वतःच्या नावानं, स्वतःच्या रचनेचं; आणि त्याच्या मागे ते ड्रॉइंग जोडलं जाणार होतं, पाच्या सहीवर प्रयोगशाळेचा शिक्का मारून. त्यासाठी ती आली होती. बाकी सगळं – बाजार, कारखान्यांच्या ऑर्डरी – भावाला बघू दे. तिला तो शिक्का हवा होता.

"दोन मार्ग आहेत," पुआन नोर्हसिमा सांगत होत्या. "हा ठोकळा काढा, कागदाप्रमाणे सहावर टेस्ट घेऊ. किंवा राहू दे, पण मग ड्रॉइंगची नवी आवृत्ती लागेल. आजची तारीख, रचना करणाऱ्याची सही. जुना कागद रद्द होतो."

"रचना करणारे..." ती म्हणाली आणि थांबली.

पुआनची नजर तिच्या डाव्या बाहीवरच्या सुतकाच्या काळ्या चौकोनी कापडावर गेली. आज शेहेचाळिसावा दिवस. एकोणपन्नास होईपर्यंत ते काढायचं नव्हतं.

"माफ करा," पुआन म्हणाल्या. "जिवंत माणसाची सही लागेल. तीनपर्यंत सांगा, नंतर दुसऱ्यांची पाळी आहे."

त्या गेल्यावर अहिआ – तिचा थोरला भाऊ, तेक सून – जवळ सरकला आणि पॅनेलमध्ये डोकावून म्हणाला, "हात्तिच्या! एवढंच ना? जुन्याच कागदावर पेननं एक चौकोन काढ. म्हण, राहून गेला होता. सहीही राहील, ठोकळाही राहील."

"त्यांनी बघितलाय तो कागद, अहिआ. आत्ता, तुझ्यासमोर."

"बघितला म्हणजे काय फोटो काढला?"

"काढला."

"बरं." त्यानं बॅग एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. त्या बॅगेत काय आहे ते तिला माहीत होतं. युरोपातल्या एका मोठ्या कंपनीचा करार: त्यांच्या तांब्याच्या पट्ट्या, त्यांचे ठोकळे, त्यांचं सर्टिफिकेट, आधीच तपासलेलं, आधीच मान्य झालेलं, आपण फक्त पत्रा वाकवायचा, स्क्रू आवळायचे आणि दारावर त्यांच्या नावाची पट्टी लावायची. "मी काही जबरदस्ती करत नाही, ल्यान. पण पुन्हा फुटलं तर आज संध्याकाळीच सही करायची, असं आपलं ठरलंय."

"तुझं ठरलंय."

"तू मान डोलावलीस."

"मी तेव्हा विधीत जाळायच्या कागदी नोटांच्या घड्या घालत होते. त्यात मान हलतेच."

तो हसला, हसू नये तिथं हसल्यासारखा. ती हसली नाही. तिला अंत्यविधीच्या त्या सात दिवसांतला मंडप आठवला – धूप, भुईमुगाच्या शेंगांच्या फोलपटांचा ढीग, आणि थोरली आत्या, प्रत्येक येणाऱ्याला तेच सांगणारी: त्या टेस्टनं खाल्लं गं माझ्या भावाला, भीतीनं खाल्लं. दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा मी उठले आणि शवपेटीच्या समोर, सगळ्यांच्या देखत, आत्याला म्हणाले की माझे वडील कशाला घाबरत नव्हते, तुला माहीत नसेल तर गप्प बस. मोठ्या माणसाशी असं बोलत नाहीत. त्या दिवसांत तर नाहीच. पण बोलले, आणि अजून पस्तावले नाही. ते घाबरले नव्हते. त्यांच्याकडे गणित होतं. ते गणित मी तपासलं होतं.

मग हा ठोकळा कशाला?

ती वाकून पाहू लागली. कडा घासलेल्या – म्हणजे घाईत नाही, सावकाश, कानस मांडीवर टेकवून.

"मला ठाऊक होतं," मागून मुनियांडी अंकल म्हणाले. तीस वर्षं पाच्या शेजारी उभं राहून नट आवळणारा, त्यांना 'तौके', म्हणजे मालक, म्हणणारा माणूस. सकाळपासून लॉरीच्या सावलीतून इकडे आलेच नव्हते. आता टोपी हातात घेऊन उभे होते. "तौकेंनीच लावला. तू त्या रविवारी तैपिंगला लग्नाला गेली होतीस बघ."

"मला का नाही सांगितलं?"

"तौके म्हणाले, पोरीला सांगू नकोस, ती मला गणित दाखवत बसेल." अंकलनी टोपीची कड चाचपली. "मी म्हटलं, तौके, गणित चुकलंय का? म्हणाले, गणित बरोबर आहे रे. झोप लागत नाही."

गणित बरोबर आहे, झोप लागत नाही.

रविवारी. आणि सोमवारी सकाळी ते उठलेच नाहीत... म्हणजे मी तैपिंगला कोळंबीच्या ताटांसमोर बसून कुणाच्या तरी मावशीला आमचं नवं ड्रॉइंग किती चोख आहे ते सांगत होते, तेव्हा ते एकटे – एकटे नाही, अंकल होते, म्हणजे अंकलना सांगता आलं, मला नाही – वर्कशॉपचं अर्धं शटर ओढून त्या ड्रॉइंगला घाबरत होते. माझ्या ड्रॉइंगला. सही करून झाल्यावर. तिला राग आला, इतका स्वच्छ राग की मेलेल्या माणसावर तो येऊ शकतो याचंच तिला नवल वाटलं. शेहेचाळीस दिवस मी तुमच्या वतीनं भांडतेय, पा. आत्याशी, अहिआशी, त्या कंपनीच्या गुळगुळीत माणसाशी, जो म्हणाला होता की तुमच्या वडिलांना हातचं काम छान येत होतं, पण हे प्रकरण वेगळं असतं. सगळ्यांना सांगत आले, त्यांना खात्री होती, खात्री होती. आणि तुम्ही इथं, वळणाच्या कुशीत, लपवून ठेवलंत.

तेव्हा तिला ती रेघ दिसली. खरं म्हणजे रेघ नाही, रेघेचं नसणं.

आमच्याकडे प्रत्येक नटवर दोन रेघा असतात. आवळला की पांढरी, नटवरून थेट पट्टीवर ओढलेली. मग रात्रभर तसंच सोडायचं, कारण तांबं रात्रीतून बसतं, किंचित सैलावतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाना लावायचा, पुरेसा जोर लागून तो टक् वाजला की पांढरीच्या शेजारी लाल. आणि ज्यानं पांढरी ओढली त्यानंच लाल ओढायची. दुसऱ्याच्या आवळण्याची हमी कुणी घ्यायची नाही, हा पाचा नियम. या पॅनेलवर शेकडो नट होते आणि प्रत्येकावर दोन रेघा होत्या. सातव्या ठोकळ्याच्या चार नटांवर एकच. पांढरी.

"अंकल, हे तसेच लॉरीत चढवले?"

"काय करू मग?" म्हातारा चिडून म्हणाला, डोळे ओले होते त्याचीच चीड. "त्यांच्या पांढरीशेजारी माझी लाल? तीस वर्षांत कधी केलं नाही. रोज सकाळी पाना घेऊन जायचो आणि परत यायचो."

अहिआनं घड्याळ पाहिलं. "काढून टाक ना, ल्यान. चार नट. सहावर टेस्ट, पाची सही कागदावर. तुला तेच हवं होतं."

तेच हवं होतं. काढला तर त्यांची सही राहते आणि त्यांच्या हाताचं शेवटचं काम जातं. ठेवला तर हात राहतो आणि नाव जातं. नव्या कागदावर त्यांचं नाव कुठंच नसेल. पन्नास वर्षं लोकांच्या कारखान्यांना वीज वाटून देणारी कपाटं बांधली त्या माणसाचं... तिनं डोळे मिटून तो पाय बाहेर गेलेला शेवटचा फटकारा आठवला. सुंदर होता. आणि तो लोकांना दाखवायचा होता. हा ठोकळा मात्र कुणाला दाखवायचा नव्हता. या हॉलमध्ये कितीजणांनी नुसती खात्री आणली असेल आणि तिचे तुकडे खिशात घालून नेले असतील.

"ठोकळा राहील," ती म्हणाली. "मी सही करते."

"पाचं नाव जाईल."

"जाऊ दे."

"आत्या विचारेल."

"तिला सांगेन, तुझं बरोबर होतं. घाबरले होते. आणि घाबरून त्यांनी काय केलं ते ये आणि बघ, म्हणेन."

नवा कागद छापून आला. सातवा चौकोन. रचना – खू बी ल्यान. तिची सही चौकटीत नीट मावली, याचाही तिला थोडा राग आला. पुआन नोर्हसिमांनी जुन्या कागदावर 'रद्द' असा शिक्का मारला, मग क्षणभर थांबून तो फाइलमध्ये न टाकता तिच्या हातात दिला. "आम्हाला फोटो पुरतो," त्या म्हणाल्या. आणि मग, बाहीकडे बोट करून, "ती टाचणी मात्र. आत अंगावर धातू चालत नाही."

"कापड?"

"कापड चालेल."

तिनं टाचणी काढून अहिआच्या हातावर ठेवली आणि मुनियांडी अंकलच्या खिशातली काळी चिकटपट्टी घेऊन कापडाच्या चारी कडा बाहीवर चिकटवल्या. "हे नियमात बसतं ना?"

"बसतं," पुआन म्हणाल्या, आणि पहिल्यांदा किंचित हसल्या.

पाना जड होता. पहिला नट – टक्, जागचा हललाही नाही. दुसरा – टक्. तिसरा. म्हणजे तुम्ही नीट आवळले होते. शेहेचाळीस दिवस, सहा तासांची लॉरी, आणि तरीही. चौथ्याला टक् वाजण्याआधी काहीतरी सरकलं. नट सरकला की तिचं मनगट, ते तिला कळलं नाही, आणि पांढरी रेघ तुटल्यासारखी दिसत होती किंवा नव्हती, तिथं उजेड कमी होता. तिनं लाल पेन घेतलं. अंकल तोंड फिरवून उभे राहिले. तिनं चार रेघा ओढल्या, पांढऱ्यांना लागून, वाकड्या.

मग दार बंद, कुलूप, काचेमागची खोली. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. अहिआनं बॅग पोटाशी धरली होती, तिची चेन अर्धी उघडी. ती चेन तिनं पाहिली आणि तिला एकदम स्पष्ट कळलं की आत काहीही झालं तरी त्या कागदांवर ती सही करणार नाही. फुटलं तर तुकडा खिशात घालायचा, घरी जायचं, आठवा ठोकळा कुठं बसतो ते शोधायचं. मान डोलावली असेल. आता डोलावत नाही.

दिवा लाल झाला. कुणीतरी उलटे आकडे मोजू लागलं. तिनं कानांवरचे हात खाली घेतले. तिला भीती वाटत होती – चक्क, गेल्या शेहेचाळीस दिवसांत पहिल्यांदा – आणि ती भीती परकी नव्हती. कुणीतरी मांडीवर कानस टेकवून, सावकाश, तिच्या कडा घासून ठेवल्या होत्या.