टाकीखालची लोळण

"बघ! नीट बघ! एक पान पिवळं पडू दिलं नाही."

पंपवाल्यानं मनगट धरून मला जवळजवळ ओढतच पाण्याच्या टाकीखालच्या उतारावर आणलं. बायको गेल्यानंतरचा कामावरचा माझा तो पहिला दिवस. फाटकाशी भेटल्यावर त्यानं काही विचारलं नाही, बाहीनं डोळे पुसले आणि सरळ इकडे घेऊन आला. उतार हिरवागार होता. वरच्या कठड्यापासून खाली पंपघरापर्यंत तळहाताएवढीही माती दिसत नव्हती.

"चाळीस दिवस, माळीबुवा. सकाळ-संध्याकाळ. गुडघा म्हणायचा बस, मी म्हणायचो गप."

"पाणी घातलंस?"

"मग काय चहा पाजला?"

मी हसलो. हसू आलं खरं, पण नजर मुळांकडे गेली.

या झुडपाची पानं सुरूसारखी, बारीक आणि टोचरी. पण सुरू ताठ उभा राहतो, हे जन्मात कधी उभं राहत नाही. जमिनीला धरून सरपटत जातं. रोपवाटिकेतून आलं तेव्हा चिठ्ठीवर हे लांबलचक नाव होतं. बायको म्हणाली, "एवढं कोण बोलत बसणार? हे तर नुसतं लोळतंय." तेव्हापासून ती लोळण. तिच्याइतकं चिवट मी दुसरं काही पाहिलं नाही. ऊन, वारा, मुरमाड जमीन, अंगावरून धावणारी कुत्री, कशाचं म्हणून तिला काही वाटत नाही. एकच गोष्ट चालत नाही. पाय ओले राहिले की खलास.

दर पावसाळ्यात या उताराची माती पंपघरात उतरायची. गवत लावलं, ते टिकलं नाही. मग तेव्हाच्या साहेबांनी लोळणीची वीस रोपं दिली. वीस! एवढ्या मोठ्या उताराला. मी म्हटलं, हे म्हणजे हत्तीला लंगोटी. पहिली दोन वर्षं ती हललीसुद्धा नाहीत आणि मधल्या जागेत तण मात्र कमरेएवढं. बायको माझ्याबरोबर रोजावर होती. सकाळी उतारावर बसायची ती दुपारपर्यंत तण उपटत खाली सरकायची. फांदी लांबली की तिला मातीवर दाबून वरून डोक्यातला आकडा खोचायची. तिथे मूळ फुटायचं की झालं पुढचं झुडूप. मी ओरडायचो, "केस मोकळे सोडून हिंडतेस, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील माळीण वेडी आहे. खोटं थोडंच आहे?"

असा सात वर्षांत उतार भरला. आणि कुणी हौशी माणूस बादली घेऊन आला की बायको त्याच्या अंगावरच धावून जायची. "अति तिथे माती! तहान लागली की ती सांगेल." मीसुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच बजावायचो. पंपवाला तेवढा राहिला. तो आतल्या खोलीत, मोटरीच्या घरघरीत. त्याचा झाडांशी संबंध काय?

बायकोला इस्पितळात नेलं त्या सकाळी रिक्षा फाटकाशी उभी होती, तिला दम लागला होता आणि मी पळता पळता पंपघरात तोंड घालून ओरडलो, "झाडांकडे लक्ष ठेव रे." एवढंच. पाणी घालू नकोस, हे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. ज्यानं सारं आयुष्य लोकांना पाणी पाजण्यात घालवलं, तो लक्ष ठेवणार म्हणजे दुसरं काय करणार? चूक माझीच होती.

"वहिनी शेवटी काही बोलल्या का?" त्यानं विचारलं.

"लोळणीची चौकशी केली. म्हटलं, पंपवाला बघतोय. म्हणाली, मग काळजी नाही."

तो मटकन खाली बसला. मग म्हणाला, "तुला हसू येईल. मी पाणी घालताना मनात म्हणायचो, हे हिरवं राहिलं तर वहिनी उठतील. म्हणून एक वेळ चुकवली नाही मी. हिरवं राहिलं रे. तरी नाही उठल्या."

तो मोटर बंद करायला गेला तेव्हा मी एका फांदीची साल अंगठ्याच्या नखानं खरवडली. आत ओलं, हिरवं दिसायला हवं. आत तपकिरी होतं. दुसरी खरवडली. तिसरी. गुडघ्यांवर रांगत मी उतारभर फिरलो. मुळाशी बोट घातलं तर चिखल, आणि त्याला नासका वास. लोळण मेल्यावरही महिना-दीड महिना हिरवी दिसते. माळ्यालाच काय ते कळतं. मी तिथेच पालथा पडून रडलो. इस्पितळात रडलो नव्हतो.

पंपवाल्याला म्हटलं, "आता पाणी नको, मी आलोय ना." मग हात-पाय मारले. चर खणले, मुळं उघडी केली, शेंड्यांची साठ कलमं वाळूत लावली. एक जगलं नाही. पाचव्या आठवड्यात कठड्याकडून तांबूस रंग खाली उतरायला लागला आणि पंधरा दिवसांत सगळा उतार गंजल्यासारखा झाला.

नवे साहेब बघायला आले. पंपवाला माझ्या शेजारीच उभा होता.

"इतकी वर्षं जगली, आताच कशी मेली?"

"मी नव्हतो ना, साहेब," मी घाईघाईनं म्हणालो. "उन्हानं वाळली."

"बरं. सोमवारी माणसं पाठवतो. उपटा आणि सिमेंट करून टाका. कटकट नको." ते गेले.

मला वाटलं, निभावलं. पंपवाल्याकडे वळलो तर त्याचं तोंड पांढरंफटक पडलेलं.

"वाळली?"

"हो रे. व्हायचं ते झालं."

"म्हणजे पाणी कमी पडलं."

मी खाली वाकून एक वाळकी फांदी मोडली.

"तरी मला रोज वाटायचं, दुपारी एकदा घालावं. काय ऊन होतं! पण गुडघा ठणकायचा, मी आत आडवा व्हायचो. अर्धा तास. त्या अर्ध्या तासापायी मी वहिनींची झाडं घालवली, माळीबुवा. आणि त्या म्हणाल्या, काळजी नाही."

एका वाक्याचं काम होतं. कमी नाही रे बाबा, जास्त झालं. पण मग तो अर्धा तास सुटला असता आणि चाळीस दिवस मानगुटीवर बसले असते. सकाळचे आणि संध्याकाळचे. मी शंभर वेळा विचार केला आहे, त्या घडीला केला तो पहिला.

तो वळला. लंगडत जाऊन पाइपची गुंडाळी खांद्यावर टाकून आला आणि कठड्यापाशी, जिथे सगळ्यात जास्त तांबूस होतं, तिथे पाइपचं तोंड धरून उभा राहिला.

"सोमवारला चार दिवस आहेत. आता दुपारीही घालतो. मुळात जीव असेल तर धरेल. असेल ना रे?"

"असेल," मी म्हणालो.

"मग सोड की पाणी. बघतोस काय?"

मी पंपघरात गेलो आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.