ती माझ्यावर बसली होती

मी सात नंबरचं लाइफ जॅकेट बोलतोय. लखनौला गोमतीच्या घाटावर, हरिहर नावाड्याच्या बोटीतलं. मंगळवारी सकाळी तो बोट पुसत होता, तेव्हा पोलीस ठाण्यातून फोन आला. चार नंबरचं जॅकेट पुरावा म्हणून कोर्टात नेणार होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आम्ही एकाच कारखान्यात, एकाच दिवशी शिवलेले. पण चार नंबर कायम कुणाच्या तरी छातीवर आणि मी फळीवर. फळी ओली असते, म्हणून हरिहर बायकांना मला बसायला द्यायचा. तीन वर्षांत माझा पट्टा कुणी बांधला नाही.

त्या रविवारी मानक नगरहून नरहर आणि सुलभा आले. तो रेल्वेत इंजिनिअर. त्याने चार नंबर घालून बकलं लावली. तिने मला हातात घेतलं. मी फुलून गेलो.

"दीदी, बिछाकर बैठिए," हरिहर म्हणाला, "इतनी अच्छी साड़ी है, दाग लग जाएगा."

साडी चौक बाजारातून आणलेली, चिकनकारीची.

"घाल गं ते," नरहर म्हणाला.

"अहो, एक फुगलेला बेडूक पुरे बोटीत!" ती हसली आणि माझ्यावर बसली.

वळणावर दुसऱ्या बोटीची धडक बसली. आमची बोट कलंडली. चार नंबरने नरहरला वर धरलं. मीही तरंगलो. एकटाच.

हरिहर पळाला नाही. त्याने पाण्यात उड्या मारल्या, नरहरला ओढलं, सुलभाचा मृतदेह शोधून काढला, पोलिसांना बोलावलं, नाव-पत्ता दिला. अपघातानंतर नावाड्याने काय करायचं, ते घाटावरच्या पाटीवर लिहिलंय. शेवटची ओळ लेखी अहवालाची. तोही त्याने दिला: 'सर्व प्रवाशांना जॅकेटं दिली होती.'

दिलं होतंच.

मंगळवारी दुपारी नरहर आला. त्याने मला खिळ्यावरून काढलं.

"हरिहर, ये बैठने को दिया था. वो लिखो."

"साहब, लाइसेंस चला जाएगा."

"सब कहते हैं, सुलभा की ही लापरवाही थी. उसकी माँ भी."

"लिखता हूँ, साहब."

नरहरने जाताना माझा पट्टा बांधला. आत कुणी नव्हतं. तरी मला चार नंबरचा हेवा वाटला. त्याच्या आत माणूस होता.

आज शुक्रवार. हरिहरने कोरा कागद आणून त्यावर तारीख घातली आहे. खाली अजून काही लिहिलेलं नाही.