दाराखालची भोकं

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याशी संसार करणं म्हणजे काय, ते त्याच्या बायकोलाच विचारावं! घड्याळवाल्यांना धुळीचं भारी वावडं. घरात नवी गाडी आली, पण सीटवरचं प्लॅस्टिक काही त्यांनी काढू दिलं नाही. उन्हाळ्यात बसणाऱ्याची पाठ सोलून निघायची. बायकोनं हट्टानं गाडी शिकून लायसन्सही काढलं होतं. डोंगरापलीकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे स्वतः गाडी चालवत जायचं, एवढीच तिची हौस. पण किल्ली मागितली की उत्तर ठरलेलं.

"अगं, एक ओरखडा पडला की गाडी जुनी झालीच म्हणून समज."

आणि एवढं तळहाताच्या फोडासारखं जपूनही तिसऱ्याच वर्षी गाडी गंजली! ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराची खालची कड फुगली आणि पुसताना घड्याळवाल्यांचं बोट आरपार गेलं. त्यांचा चेहराच उतरला. मग मात्र ते चवताळले.

"गंजाची वॉरंटी आहे अजून! नवं दार घेतल्याशिवाय शोरूममधून हलणार नाही. तू पण चल."

शोरूममधली मेकॅनिक मुलगी खाली वाकली, दाराखालून हात फिरवला आणि थबकली.

"काका, इथली भोकं कुणी बुजवली?"

घड्याळवाल्यांची छाती फुगली. "मी! चारही दारांची, पहिल्याच दिवशी. तुमच्या कंपनीला साधं भान नाही. घड्याळाला एवढं भोक राहिलं ना, तर धूळ शिरून कारभार आटोपतो."

मुलीनं स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं वॉटरप्रूफ डिंकाची खपली उडवली. दारातून गढूळ पाण्याची धार लागली, ती थांबेचना.

"काचेवरून आत उतरलेलं पाणी इथूनच बाहेर पडतं, काका. तुम्ही ते कोंडून ठेवलंत. बाकीची दारं अजून वाचतील, पण वॉरंटी काही मिळायची नाही."

मुलीला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. भांडायला आलेला माणूस गपचूप किल्ली घेऊन निघाला.

घरी पोचल्यावर ते गाडीतून उतरेनात. अति तिथे माती, ही म्हण बायकोच्या अगदी जिभेवर आली होती, पण तिनं ती गिळली.

"मीच मारली गं गाडी," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणी केलं असतं तर भांडलो तरी असतो!"

आता मात्र तिला राहवेना. कीव आली आणि हसूही फुटलं. ती खाली उतरली, तिनं आपल्या सीटवरच्या प्लॅस्टिकला हात घातला आणि टर्रकन ओढलं.

"अगं! अगं, काय करतेस?"

"जुनी झाली ना एकदाची? मग द्या किल्ली. मी ताईकडे जाणार. यायचं तर या."

घड्याळवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग मागे वळून मागच्या सीटचं प्लॅस्टिक त्यांनी स्वतःच ओरबाडलं आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. ती घरात जाऊन पर्स घेऊन, कुलूप लावून, चप्पल घालून येईपर्यंत ते शेजारच्या सीटवर, दोन्ही हातांनी पट्टा धरून बसले होते.

गाडी सुरू झाली, फाटकापर्यंत नीट गेली आणि तिथे डाव्या, चांगल्या बाजूला खांब लागला. खर्रर्र! तिनं ब्रेक दाबून डोळे घट्ट मिटले. झालं, म्हणाली मनात, आता ही गाडी काही जन्मात आपल्या हाती यायची नाही.

काच खाली गेल्याचा आवाज आला. घड्याळवाल्यांनी मान बाहेर काढून नीट पाहिलं.

"वीतभर गेलाय रंग," ते म्हणाले. "बरं झालं. ते गंजकं दार बिचारं एकटं पडलं होतं."

तिनं एक डोळा उघडला. "ओरडणार नाही?"

"नंतर ओरडेन. आता गिअर टाक. तू चप्पल घालत होतीस तेव्हाच तुझ्या ताईला फोन केलाय, गाडी तू चालवत आणतेयस म्हणून."