आचारींनी ठोकलेली रिव्हेटं

कुंभकोणममध्ये सेतुरामरावाचा कारखाना कुठे म्हणून विचारलंत तर लोक वाट सांगतील आणि वर म्हणतील, सांभाळून बोला, माणूस तापट आहे. खरं आहे ते. नाचियार्कोविलची असो की पापनाशमची, बस वाफा टाकत रस्त्यात उभी राहिली की हाक मलाच यायची, आणि मी आधी ड्रायव्हरला चार शिव्या हासडून मगच बॉनेट उघडायचो. इंजिनातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. घरात आमचं तंजावरी मराठी, बाहेर तमिळ, आणि दोन्ही भाषांत मी हेच ऐकवत फिरायचो. त्या मस्तीत जे केलं ते सांगतो. सांगताना लाज वाटते, वाटू दे.

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात शंकरनारायणनं आपलं विमान चोळपुरमच्या कापणी झालेल्या शेतात उतरवलं. शंकरनारायण म्हणजे आमच्या गल्लीतल्या वकिलांचा मुलगा. मद्रासला विमान चालवायला शिकला, एक जुनं विमान मिळवलं आणि आदल्या वर्षी त्रिचनापल्ली ते मद्रास अशा शर्यतीत उतरून चार मिनिटांनी हरला. यंदा जिंकायचंच म्हणून शर्यतीच्या आठ दिवस आधी तो गावी आला. पुरा वेग दिला की इंजिन तापतं राव, तुम्हीच बघा, म्हणाला. मद्रासचे मेकॅनिक सोडून पोरगा माझ्याकडे आला! मी असा फुगलो की दोन दिवस बायकोशी, पंकजेशीसुद्धा धड बोललो नाही.

त्या इंजिनात पाणी नाही, रेडिएटर नाही. एकामागे एक असे चार सिलिंडर, आणि प्रत्येकाच्या अंगावर धातूच्या पातळ चकत्या. पुढून येणारा वारा इंजिनावरच्या पत्र्याच्या टोपाच्या एका बाजूनं आत शिरतो, सिलिंडरांमधून पलीकडे निघतो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. सिलिंडरांच्या मधल्या फटींत ॲल्युमिनियमचे तीन वाकवलेले पत्रे होते. त्यांना चिरा गेल्या होत्या आणि ते थडथड हलत होते. ते नवे करायला हवे होते.

पत्र्याचं नाजूक काम निघालं की मी नाचियार्कोविलच्या स्वामीनाथ आचारींना बोलावत असे. आमच्याकडे आचारी म्हणजे स्वयंपाकी नव्हे, धातूचा कारागीर; त्यांचा धंदा पितळी दिवे ओतण्याचा, पण माझ्या बसचे गळके रेडिएटरही तेच डाखून द्यायचे. साठी उलटलेला माणूस, तरी मी त्यांना एकेरीच बोलायचो. दोन दिवस चोळपुरमच्या शेतात मांडवाखाली बसून त्यांनी तीन पत्रे घडवले. सिलिंडरच्या गोलाईला असे बसवले की मधून कागद सरकणार नाही, आणि इंजिनाच्या पट्ट्यांना रिव्हेटं ठोकून पक्के केले.

ते बघून माझंच डोकं फिरलं. उन्हाळा आला की मी प्रत्येक बसच्या बॉनेटच्या दोन्ही बाजू काढून ठेवतो. इंजिनाला मोकळं वारं लागतं, ते निवतं. इकडे सगळे मेकॅनिक तेच करतात. मग इथे वाऱ्याच्या वाटेत पत्रे कशाला? मी म्हणालो, हे पत्रेच काढून टाकू. वारा आरपार जाईल, इंजिन थंड राहील, अडथळा गेल्यावर विमानही जास्त पळेल.

आचारींनी मान हलवली. भात्याची नळी निखाऱ्याला भिडवली नाही तर वारा इकडेतिकडे जातो, म्हणाले, आणि पितळ वितळत नाही. मी खो खो हसलो. अरे, तू आग पेटवतोस, मला आग विझवायचीय!

"तेच की राव," ते म्हणाले. "मोकळी वाट दिली तर वारा सिलिंडरला शिवणारही नाही. पत्रा त्याला अंगावरून घासून नेतो. हे काढू नका."

दिवे ओतणाऱ्यानं मला इंजिन शिकवायचं? मी त्यांना तिथल्या तिथे बसमध्ये बसवून घरी पाठवलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शंकरनारायण आजोबांच्या पाया पडायला घरी गेला होता तेव्हा, मी एकट्यानं टोप उघडला आणि तिन्ही पत्रे काढले. त्याला सांगितलं नाही. जिंकून आला की सगळ्या गावासमोर सांगायचं, ही खुबी माझी, असा माझा बेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्यतीसाठी त्रिचनापल्लीला निघताना त्यानं विचारलं, "सगळं होतं तसंच आहे ना, राव?"

"त्याहून बरं आहे," मी म्हणालो.

त्रिचनापल्लीला पोचायच्या आधी एकदा पुरा वेग देऊन बघ, हेही मीच सांगितलं होतं. त्यानं पापनाशमच्या अलीकडे तो दिला. थोड्या वेळात मागचा सिलिंडर असा तापला की पिस्टन आतच चिकटला आणि प्रोपेलर थांबला. पोरानं विमान शेतात उतरवलं, पण चाक बांधाला अडकलं आणि सगळं धूड उलटं झालं. जीव वाचला, उजवा पाय गुडघ्यापाशी मोडला. पुढे हाड जुळलं, पण गुडघा वाकेना, आणि पाय वाकल्याशिवाय विमान चालवता येत नाही.

विमान बैलगाड्यांवर घालून मीच माझ्या कारखान्यात आणलं. टोप उघडला आणि मागचा सिलिंडर काळानिळा पडलेला पाहिला, तेव्हाच मला सगळं कळलं. आचारी म्हणाले तेच झालं होतं. वारा मोकळ्या फटींतून निघून गेला होता, सिलिंडरला शिवलाही नव्हता.

तेव्हा सांगायला हवं होतं. इस्पितळात शंकरनारायणच्या खाटेभोवती वकील होते, त्याची आई जयलक्ष्मीअम्मा होत्या, गल्लीतले चार लोक होते. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काय झालं, राव? माझी जीभ भलतंच बोलून गेली. मी म्हणालो, आचारीचं रिव्हेट सुटलं. पत्रा निसटून आडवा आला, वारा अडला. लोकांनी चुकचुक केलं. कारखाना माझा, विमान माझ्या ताब्यात, कुलूप माझं. तपासणार कोण?

तिसऱ्या दिवशी आचारी नाचियार्कोविलहून चालत इस्पितळात आले. हातात केळ्यांचा घड. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून त्यांनी हात जोडले, आणि माझ्या हातून पाप झालं, पोरा, एवढंच म्हणाले. शंकरनारायण भला, असू दे म्हणाला. मी शेजारीच होतो. मी काय करावं? मी आचारींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे आचारी. चूक कुणाच्याही हातून होते." असं म्हणालो मी! त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

त्यानंतर मी त्यांना कामाला बोलावलं नाही. रेडिएटर दुसऱ्याकडून डाखून घेतले. नाचियार्कोविलची बस बंद पडली तर माझ्या हाताखालचा मणी जायचा, मी नाही.

सात महिने गेले. थोरल्या मुलीचं, सुंदरीचं लग्न ठरलं आणि पंकजा म्हणाली, मुलीला दिवा द्यायचा तर तो स्वामीनाथ आचारींच्याच हातचा, तुम्ही स्वतः जा. मी दहा सबबी सांगितल्या. तिनं एकही ऐकली नाही.

आचारींच्या अंगणात भट्टी थंड होती, तिच्यात शेण्या रचून ठेवल्या होत्या. ते स्वतः पडवीत बसून चिंचेनं दिवे घासत होते. दिवे शेजारच्या कारागिराचे. मला बघून लगबगीनं उठले, चटई टाकली. मी दिव्याचं बोललो तर म्हणाले, ओतणं मी सोडलं, राव. साच्यात रस ओतायला गेलो की हात मागे येतो. आपण ठोकलं ते धरेल असं आता वाटत नाही. घासायचं काम बरं, त्यात कुणाचा पाय मोडत नाही. हे सगळं साध्या आवाजात, तक्रार म्हणून नव्हे. बोलता बोलता त्यांनी शंकरनारायण कसा आहे ते विचारलं.

छी, काय जन्म माझा! त्या क्षणी मला माझं तोंड माझ्याच चपलेनं फोडावंसं वाटलं.

"आचारी," मी म्हणालो, आणि पहिल्यांदा त्यांना तुम्ही म्हणालो, "तुमचं रिव्हेट सुटलं नव्हतं. मी पत्रे काढले होते. तिन्ही. आदल्या दिवशी, कुणाला न सांगता."

मला वाटलं, आता उठून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"सुटलं नव्हतं?"

"नाही."

"नक्की?"

"निघतच नव्हती तुमची रिव्हेटं. छिन्नीनं एकेक कापावी लागली. दोन छिन्न्यांची धार गेली."

त्यांनी हातातला दिवा खाली ठेवला. मग ते हसायला लागले. राग नाही, टोमणा नाही. परीक्षेत पास झालेल्या पोरासारखे हसले, आणि आत बायकोला हाक मारली. शिवकामी, ऐकलंस का, छिन्नीनं कापावी लागली म्हणे! दोन छिन्न्या गेल्या! पंचा तोंडाला लावून ते हसत होते आणि त्यातच रडत होते. मी म्हणालो, इथून तडक शंकरनारायणकडे जातो, मग गल्लीत प्रत्येकाला सांगतो. ते मान डोलावत होते, पण माझं बोलणं त्यांच्या कानांपर्यंत पोचत नव्हतं. ते आपल्या हातांकडे बघत होते.

शिवकामीअम्मा दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आचारींनी त्यांना सांगितलं, राव उन्हातून आलेत, ताक दे. त्या आत गेल्या, पितळी पेला भरून आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

"प्या," त्या म्हणाल्या. "इस्पितळातून आले त्या दिवसापासून हे रोज सांगतात, राव फार मोठ्या मनाचे, त्यांनी मला माफ केलं. सात महिने ऐकतेय मी."