टीगार्डनची रांग

शनिवारी सकाळी ओलेटा क्रेनेकने डोक्यावरची लोकरी टोपी काढली, मागच्या सीटवर भिरकावली आणि नणंदेला बजावलं, "आज टोपीबिपी काही नाही. टकलीच येणार मी. ज्याला बघायचंय त्याने खुशाल बघावं."

"अगं, ऊन लागेल," अर्लीन म्हणाली.

"लागू दे. इतके महिने हॉस्पिटलच्या ट्यूबलाइटखाली बसून काय मोठं भलं झालंय माझं!"

अर्लीनने मुकाट्याने गाडी सुरू केली. सकाळी तासभर उलट्यांनी ओलेटाचं डोकं बाथरूमच्या बेसिनवर होतं, त्यात निघायला उशीर झालेला, त्यात ती अशी तापलेली. आत्ता तोंड उघडणं म्हणजे आपल्या हाताने संकट ओढवून घेणं.

ओलेटा तापायला कारणही होतं. मंगळवारी डॉक्टरांनी केमोचा तिसरा फेरा सुचवला, तशी तिने पर्स उचलली आणि "नको, आभारी आहे," म्हणून सरळ बाहेर पडली. मग सुरू झाला एकेकाचा तमाशा. मुलगा ह्यूस्टनहून फोनवर रडला, सूनबाई चिडल्या, आणि चर्चमधल्या बायका डबे घेऊन दारात. डब्यांत काय, तर उकडलेलं चिकन, बटाट्याचा लगदा आणि थुलथुलीत पुडिंग. अहो, या बाईचे दात अजून शाबूत होते! पण बायका तिचा हात हातात घ्यायच्या, डोळ्यांत पाणी आणायच्या आणि "कशी आहेस गं?" असं विचारायच्या, ते अशा आवाजात की उत्तर त्यांना आधीच ठाऊक असावं. ओलेटाला त्या आवाजाचा वीट आला होता. तिला एकच हवं होतं. एक शनिवार, पूर्वीसारखा, जिथे तिला कुणी पेशंट म्हणून वागवणार नाही.

शनिवार म्हणजे बार्बेक्यू, लाकडाच्या धुरावर रात्रभर भाजलेलं मांस. लग्न झाल्यापासून ती, नवरा आणि ही नणंद असे तिघं सकाळी गाडी काढायचे आणि टेक्सासच्या आडरस्त्यांवर एखादं बारकं गाव गाठायचे. नवरा गेला, शनिवार काही सुटला नाही. कुठे थांबायचं ते तिघांनी केव्हाच ठरवून टाकलेलं होतं. दाराशी ओकच्या लाकडांची भलीमोठी रास हवी, आत गेल्यावर कपड्यांना धुराचा वास लागायला हवा आणि मुख्य म्हणजे काटाचमचा मागितला तर मालकाने तोंड वाकडं करायला हवं.

हमरस्त्याला लागल्यावर अर्लीनने गाडीचा वेग कमी केला. कडेला नवंकोरं हॉटेल झालं होतं आणि पाटीवर काळा चष्मा लावलेलं हसरं डुक्कर.

"इथे बघायचं का? एसी आहे. बसायला गाद्या दिसतायत."

"अर्लीन, ते डुक्कर बघ."

"बघितलं."

"त्याला चष्मा आहे."

"असू दे की."

"ज्यांना डुकराला चष्मा घालायला वेळ आहे, ते रात्रभर भट्टी काय डोंबल सांभाळणार? चल पुढे."

विंकलर्स बेंड या गावी पोचेपर्यंत टीगार्डनच्या बार्बेक्यूच्या दुकानाची रांग इमारतीला वळसा घालून पार कापूसगिरणीच्या भिंतीपर्यंत गेली होती. माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली, कुणी बर्फाच्या पेटीतून बीअर काढतंय, कुणी शेजाऱ्याला कुठल्या गावची मंडळी म्हणून विचारतंय. ही रांग म्हणजे टीगार्डनच्या घरचा धर्मच. मांस संपेस्तोवर विकायचं, संपलं की दार लावायचं, आणि कुणासाठी काही राखून ठेवायचं नाही. एकदा एक सिनेटर साहेब लवाजमा घेऊन आले, तर म्हाताऱ्या टीगार्डनने हातातल्या सुरीनेच त्यांना रांगेचं शेपूट दाखवलं होतं. आता तो म्हातारा नव्हता, पोरगा हर्शेल दुकान बघत होता. तोही पन्नाशीचा झाला होता.

ओलेटा गाडीतून उतरली, तोच हर्शेल स्वतः ॲप्रनला हात पुसत बाहेर आला.

"या, या, मिस ओलेटा! इकडून चला, आतून."

इकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही मानाने 'मिस'च म्हणतात. तिला काही कळायच्या आत त्याने तिचा दंड धरला. रांग बाजूला सरली. लोकांनी तिचं टक्कल पाहिलं, आणि एकेक करून पुरुषांनी डोक्यावरच्या हॅटी काढल्या. हॅटी छातीशी धरून ते खाली बघत उभे राहिले. रस्त्यावरून मयताची गाडी गेली की इकडची माणसं अशीच उभी राहतात.

आत पंख्यापाशी टेबल मांडलेलं होतं. त्यावर टेबलक्लॉथ! त्यावर चिनी मातीची बशी, काटा, चमचा, घडी घातलेला रुमाल. आणि बशीत मांसाचा चुरा, गोड सॉसमध्ये पार बुडवलेला. कडेकडेचे तुकडे उरतात त्यांचा असा चुरा करतात, लहान पोरांसाठी आणि कवळी घरी विसरलेल्या म्हाताऱ्यांसाठी.

"हे काय आहे, हर्शेल?"

"मऊ केलंय. म्हटलं, गिळायला त्रास नको."

"कुणी सांगितलं तुला मला गिळायला त्रास होतो म्हणून?"

हर्शेलने अर्लीनकडे पाहिलं. अर्लीन पंख्याकडे बघत होती.

"मी काल त्याच्या बायकोला फोन केला होता," ती शेवटी पुटपुटली. "चर्चची ओळख आहे म्हणून. म्हटलं, तुला उभं राहायला लागू नये."

"फोन केलास? टीगार्डनला?" ओलेटाचा आवाज चढला, तसं काउंटरपाशी चाललेलं बोलणं थांबलं. "सिनेटरला जे जमलं नाही ते तू चर्चच्या वशिल्याने करून दाखवलंस! आणि तू रे? तुझ्या बापाने सख्ख्या भावाला आत घेतलं नव्हतं. मलाच का घेतोस? मी मरणार म्हणून? मरेन तेव्हा मरेन, त्याची काळजी तुम्हाला नको. पण त्याआधी माझ्या पुढ्यात हा सॉस आणून ठेवलास तर याद राख!"

"मिस ओलेटा, आत्ता शेवटाला उभ्या राहिलात तर तुमच्यापर्यंत पुरणार नाही हो," हर्शेल कळवळून म्हणाला.

"नाही पुरलं तर नाही पुरलं."

आणि ती गेली. जाळीचं दार आपटून, अख्ख्या रांगेच्या कडेकडेने, हॅटवाल्यांच्या डोळ्याला डोळा भिडवत, पार गिरणीच्या भिंतीशी.

शेवटी उभ्या असलेल्या ट्रकवाल्याने खुर्ची पुढे केली.

"बसते," ओलेटा म्हणाली, "पण पाय दुखतायत म्हणून. दया नकोय मला."

"दया कसली बाई? रांग सरकली की खुर्ची तुम्हीच उचलायची."

"हे बरं बोललास."

मागोमाग आलेली अर्लीन बाजूला उभी होती. मग तिच्याने राहवलं नाही.

"मला भीती वाटते गं, ओलेटा. तू गेलीस तर मी शनिवारी कुणाबरोबर जाऊ? मला दुसरं आहे कोण?"

ओलेटाने घसा खाकरला.

"मग तसं म्हण ना, बये. फोन कसले करत बसतेस?"

रांग मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. ऊन टाळूवर चढलं. दर खेपेला खुर्ची ओलेटानेच उचलली. अर्लीनने दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. शेवटी एकदाचं जाळीचं दार आलं, आतला धूर नाकात शिरला आणि तिला कडकडून भूक लागली. कित्येक दिवसांत अशी भूक लागली नव्हती.

काउंटरवर ओंडक्याचा मोठा पाट. हर्शेलने ट्रकवाल्यासाठी ब्रिस्केटचे, म्हणजे बैलाच्या छातीच्या मांसाचे काप केले, काळी साल, आत थरथरणारी चरबी. ते तपकिरी कागदावर ठेवले, वर चार स्लाइस पाव, कांदा, लोणच्यातली काकडी, आणि गुंडाळी केली. पाटावर आता नुसती वितळलेली चरबी चकाकत होती.

ओलेटा समोर उभी राहिली.

नंतर येऊन मागे उभ्या राहिलेल्या आठदहा जणांनी माना लांब केल्या. ट्रकवाल्याने आपली पुडी हळूच तिच्याकडे सरकवली, "बाई, माझं घ्या," पण तिने पुडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती हर्शेलकडे बघत होती. अर्लीनही त्याच्याकडेच बघत होती, अगदी हात जोडायच्या बेतात.

हर्शेलने सुरी ॲप्रनला पुसली. दोन्ही बाजू पुसल्या. मग रोज दुपारी जो आवाज लावतो तोच लावला.

"संपलं. ब्रिस्केट संपलं, सॉसेज संपलं. पुढच्या शनिवारी लवकर या, मिस ओलेटा."

अर्लीनने तोंडावर हात ठेवला.

"लवकर म्हणजे किती?" ओलेटाने विचारलं.

"नऊच्या आत. दहाला आलात तर पुन्हा हात हलवत जाल. मी कुणासाठी ठेवत नसतो."

"आणि पुढच्या शनिवारी मी आलेच नाही तर?"

हर्शेलने रिकाम्या पाटाकडे पाहिलं. पण आवाज काही हलला नाही.

"तर तुमचं दुसरं कुणी खाईल. तुमच्यावाचून माझं मांस पडून राहत नाही."

ओलेटा हसली. मंगळवारपासून, छे, त्याच्याही कितीतरी आधीपासून अशी हसली नव्हती. पार काउंटरला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"मेल्या, खाऊ देते की काय मी दुसऱ्या कुणाला!" ती म्हणाली, आणि नणंदेकडे वळली. "ऐकलंस ना, अर्लीन? सहाला मला घ्यायला ये. सहा म्हणजे सहा. केस विंचरत बसलीस तर मी एकटी निघून येईन."